धीर कुणाचा, निर्णय कुणाचे? : संडरलँडच्या घसरणीची मालिका पाहताना



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसानं फुटबॉलच्या भानगडीत कशाला पडावं? शंका रास्त आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो, आज आम्ही खेळाची समीक्षा करणार नाही. ती करण्याचा आमचा अधिकार नाही. समीक्षा करायची आहे ती एका माहितीपट-मालिकेची, आणि तिच्या निमित्तानं एका गुणाची, ज्याला आपण धीर म्हणतो.

मालिकेचं नाव 'संडरलँड टिल आय डाय'. नेटफ्लिक्सवर तिचं पहिलं पर्व डिसेंबर २०१८ मध्ये आलं, दुसरं एप्रिल २०२० मध्ये, आणि छोटं तिसरं पर्व फेब्रुवारी २०२४ मध्ये. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला असलेल्या संडरलँड या शहराच्या फुटबॉल क्लबाची ही गोष्ट. मालिकेचं कौतुक खूप झालं. 'काय हो त्या लोकांचा धीर!' असं पाहिलेला प्रत्येक जण म्हणतो. आम्हीही पहिल्यांदा पाहिली तेव्हा हेच म्हणालो. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा मात्र कुठंतरी खटकलं. काय खटकलं, ते आज आपण मिळून तपासू.

आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी, ती म्हणजे रेलिगेशन. आपण आयपीएल बघतो. तिथं एखादा संघ दहा वर्षं तळाला राहिला तरी पुढच्या वर्षी तो त्याच स्पर्धेत असतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तसं नाही. तिथं एक शिडी आहे. सर्वांत वर प्रीमियर लीग, त्यात २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, तिच्यात २४. त्याखाली लीग वन, पुन्हा २४, आणि असंच खाली. प्रीमियर लीगमधले शेवटचे तीन क्लब दर वर्षी एक पायरी खाली जातात, खालचे तीन वर येतात. खाली जाणं म्हणजे नुसती नामुष्की नव्हे. टीव्हीचे पैसे आटतात, चांगले खेळाडू निघून जातात, आणि कार्यालयात, स्वयंपाकघरात, मैदानाच्या निगराणीवर काम करणाऱ्यांच्या नोकऱ्यांवर गदा येते. शिडी खरी आहे, म्हणून पडणंही खरं आहे.

आता संडरलँडकडे येऊ. क्लब १८७९ सालचा. सहा वेळा इंग्लंडचा विजेता, पण शेवटचं विजेतेपद १९३६ चं. १९७३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत असताना या संघानं त्या वेळच्या बलाढ्य लीड्सला १-० असं हरवून एफए कप जिंकला. त्या एका दुपारीवर तिथल्या दोन पिढ्या जगल्या. मालिका बनवणाऱ्या कंपनीच्या नावातला '७३' हा आकडासुद्धा त्याच वर्षाचा. म्हणजे मालिका काढणारेच चाहते आहेत. हे लक्षात ठेवू, पुढं उपयोगी पडेल.

शहराचं पोट दोन गोष्टींवर चालायचं, जहाजबांधणी आणि कोळसा. शेवटची जहाजगोदी १९८८ मध्ये बंद झाली. वेअरमाउथची कोळशाची खाण १९९३ मध्ये बंद झाली. आणि १९९७ मध्ये त्याच खाणीच्या जागेवर क्लबाचं नवं स्टेडियम उभं राहिलं, जवळजवळ ४९ हजार खुर्च्यांचं. नाव स्टेडियम ऑफ लाइट. बाहेर खाणकामगारांच्या दिव्याचं स्मारक आहे. बापजादे ज्या जमिनीच्या पोटात उतरत होते, तिच्याच पाठीवर मुलं-नातवंडं दर आठवड्याला जमतात. क्लब तिथं नुसती करमणूक का नाही, हे यावरून कळतं.

घसरणीची हकिगत थोडक्यात सांगतो. संडरलँड २००७ ते २०१७ अशी सलग दहा वर्षं प्रीमियर लीगमध्ये होता. त्यातली शेवटची चार-पाच वर्षं म्हणजे दर वसंतात बुडताना काठ हाताला लागण्याची. मार्च २०१३ ते जुलै २०१६ या जेमतेम साडेतीन वर्षांत पाच प्रशिक्षक नेमले गेले. प्रत्येकाला वेगळे खेळाडू हवे, वेगळी पद्धत हवी. आधीच्यानं घेतलेले खेळाडू पुढच्याला नकोसे. कर्ज दहा कोटी पौंडांच्या वर गेलं. आणि दर वर्षी शेवटच्या आठवड्यांत सुटका झाली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकायचे, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. २०१६-१७ मध्ये मात्र सुटका झाली नाही. फक्त २४ गुण, शेवटचा क्रमांक, आणि क्लब खाली गेला.

मालिका बनवणाऱ्यांना वाटलं असणार, आता हा क्लब लगेच वर उसळी घेईल आणि आपल्याला त्याची गोष्ट मिळेल. घडलं उलटं. २०१७-१८ मध्येही संघ शेवटचा आला, ३७ गुण मिळवून. हंगामाच्या सुरुवातीचा प्रशिक्षक ऑक्टोबरअखेर गेला, त्याच्या जागी ख्रिस कोलमन आला. डिसेंबर २०१६ नंतर घरच्या मैदानावर लीगचा पुढचा विजय मिळाला तो १६ डिसेंबर २०१७ ला, फुलहॅमविरुद्ध, १-० नं. मध्ये ३६४ दिवस गेले होते. गोल केला तो जॉश माजा या अठरा वर्षांच्या पोरानं. हे नाव ध्यानात ठेवा. आणि २१ एप्रिल २०१८ ला बर्टन या छोट्या क्लबाकडून घरच्याच मैदानावर २-१ असं हरून संडरलँड लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत गेला. लागोपाठ दोन वर्षांत दोन पायऱ्या.

मालिकेचं पहिलं पर्व या दुसऱ्या पायरीचं आहे, आणि ते सुंदर आहे, हे आम्ही मोकळेपणानं मान्य करतो. सुरुवात होते चर्चमध्ये. धर्मगुरू प्रार्थनेत क्लबासाठी मागणं मागतात, आणि बाकांवर बसलेल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. शीर्षकगीतात जहाजगोद्यांची आठवण आहे. टॅक्सी चालवणारे, म्हाताऱ्या बायका, वडिलांचा हात धरून आलेली मुलं दिसतात. प्रशिक्षण केंद्राच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई दिसते. पोरांना खाऊ घालणारी ही बाई, संघ पडला तर आपलं काय होईल हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येतं. खेळाच्या माहितीपटात खेळाडूंपेक्षा स्वयंपाकघरावर कॅमेरा जास्त वेळ रेंगाळावा, याला दृष्टी लागते.

मग खटकलं काय?

इथं जरा आपल्या भाषेकडे वळू या. मराठीत या घराण्यातले शब्द बरेच आहेत. सोशिकपणा, सहनशीलता, सबुरी, धीर. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत.

सोशिक माणूस सोसतो. किती दिवस, कशासाठी, असं त्याला विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसतं. आणि बघा, हे विशेषण आपण आजवर कुणाला लावत आलो? बहुतेक वेळा सुनेला, आणि बैलाला. बहाल करणारा कोण असतो? बहुधा तोच, ज्याच्यामुळे सोसावं लागतंय. सबुरी हा शब्द अरबीतल्या 'सब्र'वरून आपल्याकडे आला. त्यात काळावरचा विश्वास आहे. थांब, वेळ येईल.

धीर मात्र वेगळ्या जातीचा शब्द आहे. धीर धरावा लागतो, म्हणजे ती कृती आहे. धीर देता येतो, म्हणजे तो दोघांमधला व्यवहार आहे. धीर सुटतो, खचतो, म्हणजे त्याला मर्यादा आहे. आणि धीर चेपतो! एखाद्याचा धीर चेपला म्हणजे काय झालं? त्याची भीड गेली, आता तो बोलणार. संस्कृतातही धीर म्हणजे स्थिर, आणि धीर म्हणजे बुद्धिमान, विवेकी. व्युत्पत्ती सांगणारे दोन अर्थांची दोन वेगळी मुळं सांगतात, पण वापरात ते एकाच माणसात एकत्र आले. तेव्हा ज्याला काही कळतच नाही, त्याच्या थांबण्याला धीर म्हणता येणार नाही.

आता दुसरा फरक. पाऊस लांबला तर शेतकरी धीर धरतो. घराचं काम घेतलेल्या कंत्राटदारानं तारीख पुढं ढकलली तरीही आपण धीर धरतो. शब्द एकच, पण गोष्ट एकच आहे का? पावसाला जाब विचारता येत नाही. त्यानं कुठलं वचन दिलेलं नसतं. कंत्राटदारानं दिलेलं असतं. त्याच्या बाबतीत धीर धरणं म्हणजे त्याला उधारी देणं. आणि उधारी देणाऱ्याला वही बघण्याचा हक्क असतो.

आपल्या वेदान्तातही साधकाला जी साधनसंपत्ती सांगितली आहे, तिच्यात तितिक्षा येते. तिची नेहमीची उदाहरणं कोणती? थंडी आणि ऊन. कुणी निर्णय घेऊन आपल्यावर लादलेल्या गोष्टींची नव्हेत. पावसाशी वागताना जी तितिक्षा शोभते, ती कंत्राटदाराशी वागताना वापरली तर तिचा भोळेपणा होतो. ॲरिस्टॉटलनं रागाविषयी बोलताना हेच वेगळ्या बाजूनं सांगितलं आहे. ज्या गोष्टीचा राग यायला हवा तिचा ज्याला रागच येत नाही, तोही चुकतो, केवळ रागीट माणूसच चुकतो असं नाही.

आमचा मालिकेवरचा पहिला आक्षेप आता मांडता येईल. पहिलं पर्व निर्णयांना हवामान करून टाकतं. गोदी बंद झाली, खाण बंद झाली, आणि आता संघ पडला, अशी एक साखळी गाणं, धूसर आकाश आणि चर्च मिळून तयार करतात. शहराच्या नशिबीच पडझड लिहिली आहे असं आपल्याला वाटायला लागतं. डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आलं की प्रश्न विचारायचे राहून जातात. साडेतीन वर्षांत पाच प्रशिक्षक हे काही आकाशातून पडले नव्हते. दोन हंगाम खाली जाऊनही पूर्ण पगार चालू राहील असे करार काही खेळाडूंशी झाले होते, ते कुणीतरी सही करून केले होते. खाण बंद करण्याचा निर्णयही शेवटी निर्णयच होता, पण तो मोठा वेगळा विषय आहे.

आणि या सगळ्याचा मालक, अमेरिकन उद्योगपती एलिस शॉर्ट, पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. त्यांच्याविषयी इतर लोक बोलतात. न्याय्य बोलायचं तर क्लब विकताना त्यांनी कर्ज स्वतःच्या अंगावर घेऊन तो कर्जमुक्त करून दिला, हेही सांगायला हवं. पण कथेच्या मध्यभागी एक रिकामी खुर्ची आहे आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा रडणाऱ्या चाहत्यांकडे वळतो. ज्याला जाब विचारायचा तो दिसत नाही, ज्यानं विचारायचा तो रडताना दिसतो. अशा मांडणीत चाहत्याचा धीर आपोआप सोशिकपणा होऊन बसतो. त्याला वाहवा मिळते, हक्क मिळत नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांवरून घेतो, आणि तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१६-१७ मध्ये घरच्या सामन्यांना सरासरी प्रेक्षक होते सुमारे ४१ हजार. पुढच्या वर्षी, म्हणजे मालिकेच्या वर्षी, सुमारे २७ हजार. त्याच्या पुढच्या वर्षी, तिसऱ्या श्रेणीत, सुमारे ३२ हजार. थांबा, हे आकडे नीट बघू या. संघ पहिल्यांदा पडला तेव्हा दर तीन माणसांतलं एक माणूस येईनासं झालं. पण संघ आणखी खाली गेला तेव्हा माणसं परत आली! त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्डविरुद्धच्या सामन्याला ४६,०३९ लोक होते. लीग वनमधला तो विक्रम ठरला.

जर धीर म्हणजे नुसतं सोसणं असतं तर हे आकडे असे वरखाली झाले नसते. आणि नुसती हार-जीत असती तर तिसऱ्या श्रेणीत गर्दी वाढली नसती. मधल्या काळात बदललं काय? मालक बदलला. नव्या मालकांनी हिशेब उघडे करू असं सांगितलं. स्टेडियमच्या लाल खुर्च्या उन्हापावसानं फिकट गुलाबी पडल्या होत्या. त्या बदलायच्या ठरल्या आणि २०१८ च्या उन्हाळ्यात चाहते स्वतः पाने घेऊन त्या उपटायला, नव्या बसवायला गेले. लोकांना कुणीतरी विचारलं, हाताशी धरलं, म्हणून लोक आले. घरी बसलेले ते १४ हजार लोक धीर सुटलेले नव्हते. उधारी तूर्त बंद, एवढंच ते सांगत होते.

आता हे लोक मालिकेत कुठं आहेत? जवळजवळ नाहीतच. कॅमेरा स्टेडियममध्ये आहे, आणि ते स्टेडियममध्ये नाहीत. रिकाम्या खुर्च्या दिसतात, पण त्या दुःखाचं चिन्ह म्हणून दिसतात, मत म्हणून नाही. आम्हाला वाटतं, एखाद्या दुपारी कॅमेरा अशा माणसाच्या घरी न्यायला हवा होता, जो वीस वर्षं गेला आणि आता जात नाही, पण तीन वाजले की त्याचा हात रेडिओकडे जातो. त्याच्याकडे धीराविषयी बोलण्यासारखं जास्त असतं. चाहत्यांनीच मालिका काढल्याचा हा तोटा. राहिलेल्याला राहिलेलेच दिसतात.

दुसऱ्या पर्वाविषयी मात्र आमचं मत लोकमताच्या उलट आहे. बहुतेकांना ते पहिल्याइतकं आवडत नाही. नवे मालक स्टुअर्ट डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी बैठका घेतात, बोलतात, काही वेळा हास्यास्पद दिसतात. रडणं कमी, कार्यालय जास्त. पण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं हेच पर्व जास्त प्रामाणिक आहे, कारण इथं निर्णय होताना दिसतात.

जॉश माजा आठवतोय ना? ३६४ दिवसांचा दुष्काळ संपवणारा पोरगा. तिसऱ्या श्रेणीत तो धडाधड गोल करत होता. त्याचा करार त्या उन्हाळ्यात संपणार होता, नवा करार झाला नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये तो फ्रान्समध्ये बोर्दोला गेला. बदली माणूस हवा. खरेदीची मुदत संपायच्या शेवटच्या दिवशी मालक विल ग्रिग या खेळाडूसाठी बोली लावत बसतात. एवढी किंमत नाही असं जवळची माणसं सांगताहेत, घड्याळ पुढं सरकतंय, आणि बोली वर वर जात राहते. शेवटी त्या श्रेणीसाठी विक्रमी ठरलेल्या रकमेला सौदा होतो. पुढं त्या खेळाडूकडून अपेक्षेइतके गोल झाले नाहीत. दोष त्याचा नाही, किंमत त्यानं ठरवली नव्हती.

हा प्रसंग बघताना आम्हाला हसू आलं, मग वाईट वाटलं. लिलावात भान हरपलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, कधी आरशातही. पण या एका प्रसंगानं पहिल्या पर्वाचं सगळं धूसर आकाश साफ होतं. पडझड अशी होते. बंद खोलीत, फोनवर, चांगल्या हेतूच्या माणसाकडून. त्या हंगामाअखेर, २६ मे २०१९ ला, वेम्ब्लीवर शेवटच्या मिनिटांत चार्लटननं गोल करून संडरलँडला २-१ हरवलं आणि वर जाण्याची संधी गेली. तो शेवटचा गोल नशीब म्हणता येईल. जानेवारीतली ती बोली नशीब नव्हती.

पुढची एक गोष्ट त्या पर्वात नाही, कारण चित्रीकरण आधीच संपलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये चाहत्यांच्या संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी जाहीर निवेदन काढून मालकांना क्लब विकायला सांगितलं. दीड वर्षापूर्वी ज्यांच्यासोबत खुर्च्या बसवल्या त्यांनाच. आमच्या मते संडरलँडच्या धीराचा खरा प्रसंग हाच. धीर चेपला तो इथं. फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लबाची सूत्रं किरिल लुई-ड्रेफस या तरुण मालकाकडे गेली.

आता एक आक्षेप आमच्यावरही येईल, आणि तो गंभीर आहे. तुम्ही म्हणाल, प्रेमात वही कसली बघता? चाहता म्हणजे काही भागधारक नव्हे. एका मित्रानं तर म्हटलं, हे आपल्या वारीसारखं आहे, वारकरी विठ्ठलाकडे हिशेब मागतो का?

तुलना मोहक आहे, पण ती नीट तपासली तर मित्राच्याच विरोधात जाते. एक तर विठ्ठल श्रेणीतून खाली जात नाही. त्याचे निर्णय कुणी अंदाजपत्रक मांडून घेत नाही, त्याला कुणी विकत घेत नाही. वारकरी निकालाची वाट बघत चालत नाही, चालणं हेच त्याचं फळ. आणि दुसरं म्हणजे, आपले संत मुके होते असं कुणी सांगितलं? नामदेव विठ्ठलाशी भांडतात. जनाबाई तर त्याला काय काय बोलते ते तुम्हाला ठाऊक आहे. सर्वांत जवळच्याला जाब विचारण्याची ताकद याच भक्तीत आहे. प्रेम आहे म्हणून तर भांडण आहे. ज्याच्याशी काही घेणंदेणं नाही त्याच्याशी कोण भांडतं? तेव्हा भक्तीचा दाखला द्यायचाच असेल तर पुरता द्यावा, भांडणासकट.

आणखी एक मुद्दा, तो या गोष्टीच्या शेवटाशी संबंधित आहे. मे २०२२ मध्ये वेम्ब्लीवर विकम्बला २-० हरवून संडरलँड तिसऱ्या श्रेणीतून बाहेर पडला. तिसरं पर्व यावरच आहे. आणि २४ मे २०२५ ला, पुन्हा वेम्ब्लीवरच, शेफील्ड युनायटेडविरुद्ध भरपाई वेळेत टॉम वॉटसन या संघातच वाढलेल्या पोरानं गोल केला, २-१. आठ वर्षांनी क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला. आता सगळे म्हणतील, बघा, धीराचं फळ! गोड शेवट.

इथं सावध राहायला हवं. बरी नावाचा क्लब होता, १८८५ सालचा. २०१९ मध्ये तो वर चढून संडरलँडच्याच श्रेणीत आला होता. पण मालकीच्या आणि पैशाच्या घोळात त्या वर्षी २७ ऑगस्टला त्याला लीगमधून काढून टाकलं गेलं. त्याच दिवशी सकाळी, क्लब विकला जाईल आणि सामना होईल या आशेनं, त्याचे चाहते झाडू-फडकी घेऊन मैदान साफ करायला गेले होते. संडरलँडच्या लोकांनी खुर्च्या बसवल्या, बरीच्या लोकांनी खुर्च्या पुसल्या. धीर कुणाचा कमी होता? फळावरून धीराची किंमत करायची तर बरीचे लोक मूर्ख ठरतात. ते मूर्ख नव्हते.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. गोव्याचा डेम्पो क्लब, पाच वेळा देशाचा विजेता. २०१५ मध्ये तो आय-लीगमधून खाली गेला. पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून त्यानं वर येण्याचा हक्क मिळवला. आणि त्याच वर्षी, वरची जागा मैदानावर मिळणार नाही अशी देशाच्या फुटबॉलची नवी रचना पुढं येताच, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा यांच्यासोबत त्यानं स्पर्धेतून माघार घेतली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर २०१० मध्ये बंदच करण्यात आला. तिथल्या चाहत्यांना धीर धरायची संधीही मिळाली नाही. शिडीच काढून घेतली तर पडण्याची भीती जाते खरी, पण चढण्याची आशाही जाते, आणि आशा नसली की धीर धरायचा कशासाठी? २०२१ मध्ये युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी सुपर लीगचा घाट घातला होता. त्यातल्या संस्थापकांना कधी खाली जावंच लागणार नव्हतं. त्यांच्याच इंग्लिश चाहत्यांनी रस्त्यावर उतरून तो दोन-तीन दिवसांत मोडून काढला. आपला क्लब पडू शकला पाहिजे, हे चाहत्यांनी स्वतः मागितलं. याचा विचार करा.

बरीचं काय झालं? तो प्रसंग विसरला गेला नाही. सरकारनं चाहत्यांना बरोबर घेऊन चौकशी केली, आणि २०२५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. क्लबाचा कारभार आणि पैसा यावर आता कुणीतरी बाहेरचा नजर ठेवणार. ज्यांनी झाडू हातात घेतला होता त्यांच्या धीराला हे थोडं उशिरा आलेलं उत्तर आहे. ते शेवटच्या मिनिटाच्या गोलाइतकं डोळ्यांत पाणी आणणारं नाही. त्यावर मालिका निघणार नाही.

तर आमचं म्हणणं एवढंच. 'संडरलँड टिल आय डाय' जरूर पाहा. पहिलं पर्व माणसांसाठी पाहा, दुसरं निर्णयांसाठी. तिसरं पाहिलं नाही तरी फार बिघडत नाही. पण कुणाच्या धीराचं कौतुक करण्याआधी दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ. हा माणूस पावसाची वाट बघतोय की दिलेल्या शब्दाची? आणि शब्द असेल तर तो कुणी दिला होता? हे प्रश्न फुटबॉलपुरते नाहीत. दवाखान्याच्या रांगेत, पेन्शनच्या कागदांपाशी, धरणामुळे उठलेल्या गावांत आपण लोकांच्या सोशिकपणाचं तोंडभरून कौतुक करतो. त्यांना त्या कौतुकाचं काय करायचं असतं? त्यांना तारीख हवी असते.

संडरलँडच्या त्या स्वयंपाकघरातल्या बाईचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. तिनं धीर धरला होता हे दिसतंच. ती कशाची वाट बघत होती, आणि ते देणं कुणाच्या हातात होतं, हे मालिकेनं तिला विचारायला हवं होतं.

बरं, वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.